चार दिवस झाकलेला हात

पहिले एक गोष्ट सांगून ठेवते, मंग बाकीचं. रुक्माच्या हातावर भाताचा मांड मी नाही सांडला. मी मागच्या अंगणात कोळसा फोडून राहिली होती. माह्या सुनेच्या अंगाले मी जन्मात हात नाही लावला. तोंड लावलं, ते कबूल. माहं तोंड वाईट आहे. आमच्या गावात, तिकडं तुमसरकडं, कोणालेही विचारा, मैनाबाईचं तोंड वाईट असंच सांगतील. पण तोंडानं कोणाचा हात भाजत नाही ना बापा.

आता तोंडाचंही मीच सांगून टाकते, दुसऱ्या कोणी सांगण्यापरीस. त्या गुरुवारी सकाळीच आमचं वाजलं होतं. रुक्मानं भाजीत दोनदा मीठ घातलं, माहा शालिक अर्ध्या पोटी ड्युटीवर गेला, अन् माहं डोकं फिरलं. मी ओरडली, "जळो तुहे हात! दोन वर्षं झाले लग्नाले, अजून मिठाचा अंदाज नाही तुले?" असं आमच्याकडं कोण नाही म्हणत? माही सासू मले दिवसातून दहा वेळा म्हणे, माहे हात काही जळले नाही. पण दोन घंट्यानं रुक्माचा हात खरोखर भाजला, अन् ते माहं "जळो" साऱ्या लाइनीनं ऐकलं होतं.

लाइन म्हणजे आमच्या क्वार्टरांची लाइन. भिलाईत तवा सारंच नवं. पहिली भट्टी पेटून सहा-सात महिने झाले होते अन् दुसरीचं काम जोरात चालू होतं. शालिक तिथी खलाशी, उंचावर चढून लोखंड बसवणाऱ्या टोळीत. आमाले एक खोली अन् एक स्वयंपाकघर मिळालं होतं. दोन घरांत भिंत एकच, इकडं कोणी शिंकलं तं तिकडं कळे. अन् तिकडं राहे कमलिनी.

कमलिनी दुर्गची. तिचे लोक तीन पिढ्यांपासून दुर्गात, नवरा कारखान्यात टाइमकीपर. तिची मराठी पुस्तकातली, माही शेतातली. ती मले "मैनाबाई, अहो" म्हणे, अन् मले वाटे का ही मले हसून राहिली. नळावर कमी बोले, ऐके जास्त. अशा बाईची मले पहिल्यापासून भीती.

रुक्मा एकोणीस वर्षांची. मले मामी म्हणे, आमच्याकडं सासूले मामीच म्हणतात. भात शिजला का आमी गंजाच्या, म्हणजे पातेल्याच्या, तोंडावर फडकं धरतो अन् गंज वाकडा करून मांड काढतो. तिचं फडकं घसरलं. उकळता मांड उजव्या हातावर पडला, बोटांपासून थेट मनगटाच्या वर. मांड काही पाण्यासारखा ओघळून जात नाही, चिकटून बसते. ती ओरडली तशी मी कोळसा टाकून आत पळाली.

तवा ती रांजणाकडं जाऊन राहिली होती. थंडगार पाणी भरलेला रांजण, दोन पावलावर. हात आत घालणार तेवढ्यात मी तिचा दंड धरला. "पाण्यात नोको घालू वं! फोड येतात!" हे मले माह्या मायनं सांगतलं होतं, तिले तिच्या मायनं. भाजल्यावर पाणी लावायचं नाही, हे आमच्याकडं लहान लेकराले बी माहीत.

"मामी, एकदा बुडवू द्या," रुक्मा म्हणे. "एकच वेळ, मामी."

मी नाही बुडवू दिला. आज हे सांगताना माही छाती फुटते, पण तवा मले वाटलं का मी तिचा हात वाचवून राहिली.

तेवढ्यात मागच्या दारावर थाप पडली. कमलिनी. "मैनाबाई, कोण ओरडलं हो?"

मागच्या उन्हाळ्यात मजुरांच्या कॅम्पमधी एक सून जळून गेली होती. पोलीस आले अन् सासूले जीपमधी बसवून नेलं. खरं काय झालं ते देवाले ठाऊक. पण नळावर सगळ्यात मोठ्यानं मीच म्हणलं होतं का सासूनंच केलं, तिच्या डोळ्यातच दिसते. त्या बाईचे डोळे मी कधी पाहिले बी नव्हते. आता कमलिनी दारात उभी, सकाळचं माहं "जळो" तिच्या कानात, अन् माह्या घरात सून हात धरून कण्हून राहिली.

मी दार बोटभर उघडलं. "काही नाही. पाल पडली तिच्या अंगावर."

"पाल?" कमलिनी म्हणे.

"पालच. भित्री आहे ना पोरगी."

तिनं माह्या खांद्यावरून आत पाहाले मान लांब केली. मी दार लावून घेतलं. रुक्माले म्हणलं, "चुप राह्य. तुह्या ओरडण्यानं मले जेलात जा लागीन." तिनं पदर तोंडात कोंबला.

दोन वाजता शालिक आला. बायकोचा हात पाहून त्याचं तोंड उतरलं. म्हणे, "माय, दवाखान्यात नेऊ का?" कारखान्याचा दवाखाना काही लांब नव्हता. मी म्हणलं, "ने. अन् तिथी विचारतील का कसं जळलं, घरात कोण होतं. मंग लाइनीत येऊन विचारतील का सासू सकाळी काय म्हणे. माह्या हातात बेडी पाहायची आहे का तुले?" माहा पोरगा भोळा अन् मायले भिणारा. तो खाली बसला. थोड्या वेळानं म्हणे, "मंग रशियन मलम आणू का?"

हे रशियन मलम काय ते सांगते. शालिकच्या टोळीवर एक रशियन फिटर होता. चांगला माणूस, पण त्याची भाषा कोणाले येत नाही अन् आपली त्याले नाही, सारं काम हातवाऱ्यावर चाले. तो एका पिवळ्या डब्यातून काहीतरी घेऊन दिवसभर हातावर चोळे. हा बाबा भट्टीजवळ काम करते, अन् त्याच्या हातावर भाजल्याची एक खूण नाही. मंग आमच्या पोट्ट्याइनं ठरवूनच टाकलं का हे भाजल्याचं औषध. थोडं थोडं दुधाच्या डब्यात भरून घरी आणलं. आमच्या लाइनीतल्या दर घरात तो डबा होता, देवाच्या फळीवर. ते यंत्राच्या बेअरिंगले लावायचं ग्रीस आहे, अन् तो माणूस हाताचा गंज काढायले ते चोळते, हे आमाले कोण सांगणार? विचारावं तं कोणत्या भाषेत?

शालिकनं पिवळं ग्रीस बोटभर जाड थापलं. वरून मी जुन्या लुगड्याची चिंधी बांधली. हात झाकला गेला तसं मले बरं वाटलं. दिसत नाही ना, मंग कोण विचारते?

शुक्रवारी नळावर पाणी भराले मीच गेली. दोन वर्षांत पहिल्यांदा. बायाइनं एकमेकीकडं पाहिलं. "रुक्मा कुठी आहे वं?" म्हणे. मी म्हणलं, "तिले ताप." घागर भरेपर्यंत माह्या पाठीवर साऱ्याइचे डोळे. ह्याच त्या बाया, ज्याइच्या संगं मी त्या कॅम्पवालीले शिव्या घातल्या होत्या. आता त्या माह्याबद्दल तेच बोलून राहिल्या असतील, मले पक्कं माहीत होतं.

घरी आली तं मागच्या अंगणाच्या भिंतीपलीकडं कमलिनी उभी, हातात वाटी. म्हणे, "विरजण आहे का हो?"

खोटी! तिच्या घरी दही नाही असा दिवस नव्हता. मी विरजण आणून दिलं. वाटी घेतली तरी हालेना. तांदूळ निवडल्यासारखी खाली मान घालून बोलाले लागली, माह्याशी नाही, भिंतीशी. "माझे वडील दुर्गला कंपाउंडर होते. भाजलेलं माणूस आलं की पहिले विहिरीचं थंड पाणी, हातावर ओततच राहायचे, चांगला अर्धा तास. तेल-तूप काही लावू द्यायचे नाहीत. साफ धुतलेलं फडकं सैल गुंडाळायचं. फोड आला तर फोडायचा नाही. आणि हात भाजला असेल, तोंड असेल, सांधा असेल, किंवा आपल्या तळहाताहून मोठं भाजलं असेल, तर घरी ठेवायचंच नाही, त्याच दिवशी डॉक्टर. आणि मैनाबाई, सगळ्यात आधी बांगड्या काढायच्या. हात सुजायच्या आत. निघत नसतील तर फोडून."

माह्या तळपायाची आग मस्तकात गेली. बांगड्या फोड म्हणते! माहा लेक शंभर हात उंचावर लोखंडावर चालते. सकाळी जाते तं दुपारी परत येईलोक माहा जीव मुठीत राहते. अन् ही बाई, हसती-बोलती, म्हणते का त्याच्या बायकोच्या हातातला हिरवा चुडा फोड. आमच्याकडं बांगडी फुटली असं तोंडानं बी म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. फोडतात ती कधी, ते साऱ्याइले माहीत आहे.

"तुमच्या घरी फोडा बांगड्या," मी म्हणलं. "माहा पोरगा जिता आहे."

ती लाल झाली. "मी तसं नव्हते म्हणत," म्हणाली, अन् वाटी घेऊन आत गेली. मी ठरवलं का हिचा डोळा माह्या शालिकवर आहे. तिच्या नवऱ्याले बसून पगार, माह्या पोराले उन्हात, पण पोरगा माहा देखणा. नजर लावून राहिली. संध्याकाळी मी शालिकवरून मीठ-मोहऱ्या उतरवून टाकल्या. रुक्माच्या हाताकडं पाहिलं बी नाही.

शनिवारी हात सुजला. चिंधीच्या वर, कोपराकडं, लाल चढून राहिलं होतं. बांगड्या मनगटात रुतल्या, वरून मांस फुगून आलेलं. रुक्मा डाव्या हातानं त्या सरकवून पाहे, सरकत नव्हत्या. "मामी, आवळून राहिल्या वं," म्हणे. मी म्हणलं, "सूज उतरली का होईन सैल." अन् ग्रीसचा आणखी एक थर दिला.

खरं सांगू? मले रुक्माचाही शक येऊन राहिला होता. वाटे, हिनं मुद्दाम तं नाही सांडला? मी सकाळी बोलली त्याचा सूड? आता रोज कण्हून कण्हून लाइनीले ऐकवून राहिली. तिचा भाऊ पंजाबराव तुमसरले आहे, त्याले कोणाच्या हातून चिठ्ठी तं नाही टाकली? शालिकशी ती काय कुजबुजते? मी पाण्याले गेली का कमलिनी भिंतीवरून काय विचारते? म्हणून मी पाण्याले जाताना बाहेरून कडी लावाले लागली. आपल्या सुनेले कोंडून मी नळावर उभी राहे, अन् तरी मले वाटे का माह्यावरच अन्याय होऊन राहिला.

रविवारी तिले हुडहुडी भरली. अंग तव्यासारखं गरम. चिंधीले वास येऊन राहिला होता, गोडसर, मेलेल्या जनावराचा असते तसा. शालिक म्हणे, "माय, आता काहीतरी करू." त्याले डबल ड्युटी लागली होती. मी म्हणलं, "उद्या पाहू." मले वाटे का आणखी एक दिवस गेला तं हात बरा होईन, कोणाले काही कळणार नाही, अन् मी सुटीन. दर दिवशी मी हेच म्हणलं. उद्या.

सोमवारी सकाळी शालिक ड्युटीवर गेला. रुक्मा भिंतीले टेकून बसली होती. रडत नव्हती. चार दिवसांत पहिल्यांदा कण्हत बी नव्हती. मी म्हणलं, "पाहा, उतरलं ना दुखणं?"

ती म्हणे, "मामी, दोन बोटं समजूनच नाही राहिले मले."

मी चिंधी सोडली. ग्रीस पुसलं. करंगळी अन् तिच्या बाजूचं बोट, दोन्ही काळीनिळी. मी करंगळीले चिमटा काढला. तिनं डोळाही नाही हलवला. मंग जोरात काढला. ती माह्याकडं पाहत होती, बोटाकडं नाही. "मामी, घेतला का चिमटा?" म्हणे.

मी कडी काढली, मागच्या अंगणात गेली अन् भिंतीवरून बोंबलली, "कमलिनीबाई! अवो कमलिनीबाई, धावा वं!" साऱ्या लाइनीले ऐकू गेलं असेल. जाऊ दे म्हणलं. चार दिवसांत मले लाइन पहिल्यांदा सुचली नाही.

कमलिनी धावत आली. हात पाहिला. साफ टॉवेल आणला, सैल गुंडाळला, अन् रस्त्यावर जाऊन सायकल रिक्षा थांबवली. रिक्षात रुक्मा आमच्या दोघींच्या मधात. कमलिनी गप्प. अन् माहं मन एवढं कुजकं, तवाही मले वाटलं, ही गप्प आहे म्हणजे डॉक्टरपुढं बोलासाठी ठेवून राहिली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई होती. तिनं टॉवेल काढला, नाक बी नाही मुरडलं, पण तिचा चेहरा बदलला. नर्सले काहीतरी म्हणाली. नर्सनं एक छोटी कात्रीसारखी वस्तू आणली अन् एक-एक बांगडी कटकन तोडली. मी डोळे मिटले. उघडले तं मनगटात तीन खोल निळ्या वाटा. शालिकले काही झालं नाही. तो त्या वेळी दुसऱ्या भट्टीवर तंबाखू मळत बसला असेल.

"आप दोनों बाहर बैठिए," डॉक्टरीणबाई म्हणे.

मले माहीत होतं कावून. जळालेल्या बाईले एकटीले विचारतात. कमलिनी बाकावर बसली. मी पडद्याले लागून उभी राहिली, कान आत.

"कैसे जला?"

"भाताचा मांड काढून राहिली होती. फडकं घसरलं." रुक्माचा आवाज बारीक.

"किसी ने डाला? डरो मत. सास ने? आदमी ने?"

आता बोल, म्हणलं. आता तुही पाळी आहे.

"कोणी नाही. माह्याच हातानं सांडलं. मामी अंगणात होती."

माहा जीव भांड्यात पडला. असं वाटलं का आत जावं अन् त्या पोरीले छातीशी धरावं. चार दिवस मी हिच्यावर शक घेतला, अन् ही पाहा.

"कब जला?"

"गुरुवारी."

"आज सोमवार है." डॉक्टरीणबाईचा आवाज चढला. "चार दिन! पानी डाला था?"

"नाही."

"ये ग्रीस किसने लगाया? चूड़ियाँ क्यों नहीं उतारीं? उसी दिन क्यों नहीं आई?"

रुक्मा म्हणे, "मीच नाही म्हणलं. मले भेव वाटलं दवाखान्याचं."

मी मागं पाहिलं. कमलिनीनं बी ऐकलं होतं. ती माह्याकडं पाहत होती, अन् तिचं तोंड बंद होतं. ती सांगणार नव्हती. लाइनीत कोणी सांगणार नव्हतं, कावून का कोणाले माहीतच नव्हतं. मी सुटली होती. पोलीस नाही, जीप नाही, काही नाही. घरी जाऊन मी नळावर छाती काढून उभी राहू शकत होती.

मी पडदा सारून आत गेली. "खोटं बोलून राहिली ती," मी म्हणलं. "झूठ बोलती है. पाण्यात हात घालू नाही दिला तो मी. बांगड्या नाही काढू दिल्या मी. घरात कोंडून ठेवली मी. पोलिसाच्या भेवानं. लिहा."

डॉक्टरीणबाईनं वर पाहिलं. मले वाटलं ओरडणार. नाही ओरडली. एक लंबा कागद पुढ्यात होता, त्याच्यावर पेन ठेवला. म्हणे, "माँजी, इसमें लिखने की जगह है कि कैसे जला. और किसने जलाया. घर में किसने रोका, उसकी जगह ही नहीं है."

"मंग आता?"

"सिर्फ जलने से उँगली नहीं जाती," ती म्हणे. हळूच म्हणे, ते जास्त लागलं. "उसी घड़ी पानी, चूड़ी बाहर, साफ कपड़ा, और सीधे यहाँ. तो एक महीने में यही हाथ रोटी बेलता."

दोन बोटं काढा लागली. करंगळी अन् बाजूचं. बाकीचा हात वाचला.

बाहेर बाकावर मी कमलिनीजवळ बसली. मी म्हणलं, "तुमी तं दुसऱ्याच दिवशी सांगतलं होतं. आत कावून नाही आल्या? दार ढकलून याचं होतं."

ती बोटात पदर गुंडाळत म्हणाली, "मला वाटलं, तुम्हीच भाजलं. सकाळी ऐकलं होतं ना. म्हटलं, आत गेले तर उद्या कोर्टात साक्षीला उभं राहावं लागेल. म्हणून भिंतीवरूनच सांगितलं." तिचे डोळे भरले. "तुमच्यावर संशय होता म्हणून मी आले नाही, मैनाबाई." मी तिच्या जागी असती तं विरजण मागाले बी नसती गेली.

दुसऱ्या दिवशी रुक्माले शुद्ध नीट आली. हात पांढऱ्या पट्टीत, उशीवर ठेवलेला. शालिक पायथ्याशी बसून तिले चमच्यानं पेज पाजत होता, अन् माह्याकडं पाहत नव्हता. तो औषधाची चिठ्ठी घेऊन बाहेर गेला तशी मी तिच्या जवळ सरकली. चार दिवस जी तोंडावर आली नाही ती गोष्ट मी म्हणली. "पोरी, माह्यामुळं गेली तुही बोटं. मले माफ कर."

ती छताकडं पाहत होती.

मी म्हणलं, "अन् तू माहं नाव बी नाही घेतलं. एवढं केलं मी तुह्याशी, अन् तू डॉक्टरणीले एक शब्द नाही सांगतला. लय मोठं मन आहे वं तुहं."

तवा तिनं मान वळवून माह्याकडं पाहिलं. राग नव्हता त्यात. राग असता तं मले सोपं गेलं असतं.

"मन कायचं मोठं, मामी," ती म्हणे. "तुमचं नाव सांगून मी जाऊ कुठी? परत तुमच्याच घरी या लागते ना मले."

मी तिच्या केसांवरून हात फिरवाले पुढं केला. तिनं डोकं थोडंसं बाजूले घेतलं.